पिवळा दोरा

कापड गिरणीतल्या आमच्या तपासणी खोलीत बारा टेबलं होती आणि बारा माणसं होती. त्यांतल्या अकरा जणांनी पळ काढला, आणि पळणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला साळसूद समजायला नको. बारावे भिंगकाका. ते राहिले. गोष्ट त्यांची आहे, पण सांगणार मी, त्यामुळे मध्येमध्ये माझं तोंड चालणारच. गिरणीत मला उगाच तोफ म्हणत नव्हते.

आमचं काम काय, तर बघायचं. विणून आलेला कापडाचा तागा काचेच्या टेबलावरून हळूहळू ओढायचा, खालून ट्यूबलाइटचा उजेड, आणि आपण वरून दोष शोधायचा. तुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ, विरळ पट्टा. दोष सापडला की त्या जागी कापडाच्या काठाला दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे एवढा भाग कापून टाका. पांढरा म्हणजे दोष आहे, पण जाऊ दे, अंगावर घातल्यावर कुणाच्या बापाला दिसणार नाही. आणि पिवळा म्हणजे सकाळी बघू. ही पिवळ्या दोऱ्याची रीत आमच्या खोलीत कुणी पाडली देव जाणे, पण फार जुनी. ट्यूबच्या उजेडात कापड पुष्कळदा खोटं बोलतं. नुसती सावली असते आणि डाग वाटतो. मग पिवळा बांधून तागा बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या खिडकीतून स्वच्छ उजेड आला की पुन्हा बघायचं.

आम्ही बाकीचे महिन्यातून चार-पाच वेळा पिवळा बांधायचो. भिंगकाका दिवसाला तेवढे बांधायचे.

माणूस मुळातच तसा. गळ्यात काळ्या नाडीने अडकवलेलं पितळी कडीचं भिंग, पायात आवाज न करणाऱ्या चपला, उंच आणि बारीक. इतके बारीक की कपाटामागच्या फटीत कात्री पडली तर काढायला त्यांनाच बोलवायचे. 'काका, जेवलात का?' असं विचारलं तरी क्षणभर विचार करून सांगायचे. बोलायला मात्र गोड. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. घरी दोन खोल्या आणि एक रेडिओ. सुटीच्या दिवशी तुम्ही करता तरी काय, असं मी एकदा विचारलं.

"सोमवारची वाट बघतो," म्हणाले.

मी खो खो हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

चार वर्षांपूर्वी साहेबांनी आम्हाला एकत्र बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे मॅनेजर, कुठल्यातरी मोठ्या शहरात दोन दिवसांचं शिबिर करून आले होते आणि डोळे नुसते चमकत होते. म्हणाले, कॅमेरे बसणार. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. बरोबर सहा महिन्यांत ही खोली रिकामी असेल. ही खोलीच काय, जगातलं एकही काम आज आहे तसं राहणार नाही. ज्यांना आत्ता जायचंय त्यांना ओळखीच्या दुकानांत, कारखान्यांत लावून देतो. नंतर आलात तर माझ्या हातात काही नाही.

भिंगकाकांनी तेवढा हात वर केला.

"साहेब, नक्की का?"

"काळ्या दगडावरची रेघ," साहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात काकांच्या लेकीचा फोन आला. चहाची वेळ होती. मागांच्या खडखडाटात काकांना ऐकू यायचं नाही, म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवायचे आणि सगळ्या खोलीला त्यांचं घरगुती कळायचं. लेक म्हणत होती, "बाबा, आम्ही घर बदलतोय. तुम्ही कायमचे येणार असाल तर तीन खोल्यांचं घेतो. नाहीतर आम्हाला दोन पुरतात. बुधवारपर्यंत सांगा, घरमालक थांबायचा नाही."

"बघतो गं."

"बघतो नको, बाबा. हो की नाही, तेवढं सांगा."

"सकाळी बघू," काका म्हणाले.

घोडं इथे अडलं. काम जाणारच असेल तर आत्ताच लेकीकडे गेलेलं बरं, घर मिळतंय, हाक आलीय. पण काम राहणार असेल, तर हातीपायी धड असलेल्या माणसाने चालू नोकरी सोडून लेकीच्या घरी घड्याळ बघत का बसायचं? म्हणजे सगळं त्या एका प्रश्नावर आलं. यंत्र येणार का, आणि आलं तर कधी? मग काकांनी भेटेल त्याला हा प्रश्न विचारायचा सपाटा लावला. टेबलाजवळच्या खिळ्याला एक कोऱ्या कापडाची पट्टी टांगली आणि जो जे सांगेल त्याचा दोरा तिला बांधायचा. होणार म्हणेल त्याचा लाल. काही होत नाही म्हणेल त्याचा पांढरा.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "छे हो, अशी हवा दर दहा वर्षांनी येते." पांढरा. जावई फोनवर म्हणाला, पाच वर्षांत कुणालाच काम उरणार नाही, सगळे घरी बसून खातील. लाल. काकांनी विचारलं, खायला कोण देईल? तर जावई म्हणाला, ते अजून ठरायचंय. न्हावी म्हणाला, "माझ्या वस्तऱ्यापुढे लोक मान देतात ती मला ओळखतात म्हणून. यंत्राला कोण मान देईल?" पांढरा. बसचा वाहक म्हणाला, लाल. त्याच बसचा चालक म्हणाला, पांढरा, आणि दोघांचं थांबा येईपर्यंत भांडण. बाजारात तुरी आणि यांची घरात मारामारी.

मजा बघा, पट्टीवर लाल होते, पांढरे होते, पण पिवळा एकही नव्हता. ज्याला विचारावं त्याला सगळं ठाऊक. आदल्या दिवशीपर्यंत हा विषय कानावर नव्हता तोसुद्धा वर्ष आणि महिना सांगायचा.

मीही त्यातलीच. माझ्याकडे आले, तेव्हा मी दुकानाचा पत्ता पर्समध्ये ठेवून बसले होते. तयार कपड्यांचं दुकान, तिथे कपडे आखूड-लांब करून देण्याच्या काउंटरवर जागा होती.

"काय गं तोफे, तुला काय वाटतं?"

"वाटायचंय काय त्यात! सहा महिनेसुद्धा लागायचे नाहीत. काका, लेक बोलावतेय तर गुपचूप जा. इथे बसून काय माश्या मारणार?"

"तुला नक्की माहीत आहे?"

"शंभर टक्के."

त्यांनी माझ्यादेखत लाल दोरा बांधला. "हा तुझा," म्हणाले. शनिवारी मी काम सोडलं. मी उठले तशी माझ्या मागची उठली, ती उठली म्हणून तिच्या शेजारचा, आणि तीन आठवड्यांत खोली साफ. एकालाही यंत्राने काढलं नव्हतं. यंत्र अजून खोक्यातून बाहेर आलं नव्हतं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी आमची गत. पण हे आज सुचतंय.

भिंगकाकांचा बुधवार गेला. लेकीने एक आठवडा जास्त वाट बघितली, मग दोन खोल्यांचं घर घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं काका मला नंतर म्हणाले.

ते 'नंतर' म्हणजे माझ्या दुकानात. मला लागून चार-पाच महिने झाले असतील, काका काउंटरवर हजर. हातात सदरा, त्याचं एक बटण गेलेलं.

"बटण लावून देतेस का?"

मी सदरा हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं. बावीस वर्षं धागे बघितलेत मी. बटण तुटून पडलं की धाग्याची टोकं पिंजलेली असतात. ही टोकं सरळ होती, कात्रीने कापलेली. आणि भिंगकाकांना बटण लावता येत नाही हे मला कुणी सांगावं! त्या माणसाने फाटलेलं कापड असं सांधलंय की सांधा भिंगातून शोधावा लागायचा. पण समोर गिऱ्हाइकांची रांग होती. दोन मिनिटांत बटण लावलं आणि सदरा घडी करून हातात दिला.

त्या दोन मिनिटांत त्यांनी गिरणीची बातमी सांगितली. आम्ही निघून गेल्यावर यंत्र बसलं. कॅमेरेवाला म्हणून एक टकलू इंजिनियर आला होता, सारखा आम्लपित्ताच्या गोळ्या चघळायचा. यंत्राला शिकवायला त्याने गोदामातल्या तपासलेल्या ताग्यांचे हजारो फोटो काढले होते. आमच्याच हातचे तागे. हा वाईट, हा चांगला, असं यंत्राला दाखवलं. चाचणीच्या दिवशी मोठे साहेब, छोटे साहेब, सगळे जमले. मागावरून नुकता उतरलेला तागा यंत्राखालून गेला. त्यावर तळहाताएवढा तेलाचा डाग! यंत्र म्हणालं, उत्तम. दुसरा तागा, मधे चार बोटं भोक. उत्तम. जो येईल तो उत्तम. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"मग?"

"मग मी एका चांगल्या ताग्याला लाल दोरा बांधून पुढे सरकवला. यंत्र म्हणालं, कापून टाका."

मला एक क्षण लागला, आणि मग जी हसले की रांगेतली गिऱ्हाइकं दचकली. यंत्र दोष शिकलंच नव्हतं. ते आमचे दोरे शिकलं होतं! फोटोतल्या वाईट ताग्यांना आम्ही इमानेइतबारे दोरे बांधलेले, आणि फोटो काढायच्या आधी ते सोडायचं कुणालाच सुचलं नाही. दोरा दिसला की वाईट, नाही दिसला की चांगला. ह्या आंधळ्याला भिऊन अकरा डोळस पळाले होते.

काकाही हसले, पण थोडंच. मग म्हणाले, "परत येतेस का? टेबल आहे तुझं."

"आता कुठल्या तोंडाने येऊ, काका? आणि दोन महिन्यांत ते दुरुस्त होईलच की."

"हो. साहेबही दोन महिनेच म्हणतात," ते म्हणाले, आणि सदरा बगलेत मारून गेले.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. नव्याने फोटो काढले, दोरे सोडून. आता ते कुणी बघून सांगायचे? खोलीत माणूस एकच उरलेला. कॅमेरेवाल्याने काकांना पडद्यासमोर बसवलं. हिरवं बटण चांगल्यासाठी, लाल वाईटासाठी. काकांनी दोन आठवडे बटणं दाबली आणि तीनशे फोटो तसेच सोडले.

"काका, काहीतरी दाबा ना," कॅमेरेवाला म्हणाला.

"माहीत नसताना कसं दाबू? तिसरं बटण द्या."

"तिसरं कशाला? कापड एकतर चांगलं असतं, नाहीतर वाईट."

"तुमच्या पोटाचं काय आहे? चांगलं की वाईट?"

कॅमेरेवाल्याने आणखी एक गोळी तोंडात टाकली. मग म्हणाला, यंत्राला सकाळ नसते, काका. काका म्हणाले, मग तुम्ही द्या. आणि त्या भल्या माणसाने, खरंच भला म्हणायला हवा, दिली. यंत्राची जिथे खात्री नसेल तो तागा बाजूला पडेल आणि काकांच्या टेबलावर एक पिवळा दिवा लागेल, अशी सोय त्याने केली. काकांनी उठायचं, भिंग लावायचं, उत्तरेच्या खिडकीशी कापड न्यायचं आणि निकाल द्यायचा.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, दर महिन्या-दोन महिन्याला एका बटणाच्या हिशेबाने. आधी सदऱ्याची बटणं गेली, मग कोटाची. एकदा विजारीची शिवण उसवून आणली, तीही अगदी सरळ रेषेत. सुरुवातीला दिवा दिवसाला चाळीस वेळा लागायचा. काका खुशीत होते, पाय दुखतात म्हणून सांगायचे. सहा महिन्यांनी दहा वेळा. मग दोन. मी दर वेळी ऐकायचे, हं हं म्हणायचे आणि बटण लावून द्यायचे. काउंटरच्या आत एक स्टूल होतं. त्यावर बसा, असं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि मग ते यायचेच थांबले. पहिल्या महिन्यात माझ्या लक्षातही आलं नाही. चौथ्या महिन्यात एका बाईच्या झग्याला बटण लावताना एकदम वाटलं, अरे, काकांचं बटण तुटलं नाही बऱ्याच दिवसांत. दुकानाच्या सुटीच्या दिवशी गिरणीवर गेले.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखलं आणि आत सोडलं. तपासणी खोलीचं दार ढकललं तर आधी मला कुणी दिसलंच नाही. एका भिंतीला यंत्र, त्याखालून कापड सरसर जातंय, आवाज नाही, धूळ नाही. आमच्या टेबलांच्या काचांवर पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्या रचल्या होत्या. माझ्या टेबलावर सगळ्यांत जास्त, कारण ते दाराजवळ. आणि खिडकीशी, बाराव्या टेबलामागे, भिंगकाका हात मांडीवर ठेवून बसले होते. समोर न लागलेला दिवा. त्या दिव्याकडे बघत होते.

"काका."

त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला पळून जावंसं वाटलं.

"तोफे! बस, बस." त्यांनी लगबगीने माझ्या टेबलावरच्या नळ्या उचलायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. दिवा किती वेळा लागतो आता, म्हणून विचारलं.

"परवा... नाही, त्याच्या आदल्या दिवशी लागला होता. तीन दिवस झाले."

"दुकानात का येत नाही मग? वेळ असतो तर."

"बटणं संपली," ते म्हणाले, आणि लाजले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

खिळ्याची पट्टी अजून होती. तीन वर्षांच्या दोऱ्यांनी जड झालेली, लाल, पांढरे, लाल, पांढरे. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी बघितली.

"अजून विचारतो मी लोकांना. साहेब अजूनही सहा महिनेच म्हणतात, तारीख तेवढी पुढे जाते. डॉक्टर म्हणतात हवा ओसरली. आता तू सांग. एवढं सगळं बघितल्यावर. होणार आहे का सगळं उलटंपालटं? का नाही?"

मी तोंड उघडलं. तोंड उघडलं की माझ्याकडे उत्तर असतंच, आयुष्यभर असंच चाललंय. यंत्राकडे बघितलं. मग रिकाम्या टेबलांकडे. म्हटलं तर काहीच झालं नव्हतं, काका अजून नोकरीवर होते. म्हटलं तर सगळं होऊन गेलं होतं.

"माहीत नाही, काका," मी म्हटलं. "मला खरंच माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

काकांनी खण उघडला, पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, तुकडा तोडला आणि पट्टीला बांधायला लागले. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"तीन वर्षांत पहिला," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "माझं चुकलंच गं. लेकीने विचारलं होतं येता का. आणि मी डॉक्टरला विचारलं, न्हाव्याला विचारलं, बसवाल्याला विचारलं. लेकीला एवढंच विचारायला हवं होतं, की बाई, तुला मी हवाय का. यंत्र येवो नाहीतर जाऊ दे खड्ड्यात. ते मी विचारलंच नाही. भीती वाटली. इथे मला कुणी बोलायला नाही, तोफे. पूर्ण दिवस मी बोलत नाही. घरी जाऊन रेडिओ लावतो, तर तोही यंत्राचंच सांगत असतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला भडभडून आलं. काय केलं आम्ही! यंत्राने त्यांना एक दिवसही घरी बसवलं नव्हतं. आम्ही उठून गेलो, तेव्हा हा माणूस एकटा पडला.

"मग आत्ता विचारा," मी म्हटलं. "माझ्यासमोर. लावा फोन."

त्यांनी लावला. सवयीने मोठ्या आवाजावर. मागे भांड्यांचा आवाज, लेक कामात होती. काका म्हणाले, "अगं, मी... मी येऊ का तिकडे? कायमचा?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा... आता दोनच खोल्या आहेत हो." आणि थोड्या वेळाने, "सकाळी बघू हं, बाबा."

फोन ठेवल्यावर काका त्याच्याकडे बघत राहिले. "माझीच आहे," एवढंच म्हणाले.

मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या येतेस? नुसती बसायला." दुकानात दुसऱ्या दिवशी मालाची मोठी खेप येणार होती. 'बघते' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळला.

"येते," म्हटलं.

साडेआठला गेले. काकांनी माझ्या टेबलावरच्या नळ्या उचलून काच पुसून ठेवली होती. स्वतः दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते, फोन दिव्याशेजारी. नऊ वाजले. दिवा लागला नाही, फोन वाजला नाही. साडेनऊ. मी वाट्टेल ते बोलत होते, दुकानाच्या मालकाच्या नकला करून दाखवल्या, ते हसल्यासारखं करत होते. दहाला खिडकीतला उजेड स्वच्छ झाला आणि फोन वाजला.

"बाबा," लेक म्हणाली, "काल रात्री बाहेरच्या खोलीत टेप लावून बघितलं. पलंग बसतो. पण मग दार पूर्ण उघडत नाही. अर्धंच उघडतं."

काकांनी फोन जवळ ओढला.

"मी बारीक आहे," ते म्हणाले.

आणि मग ती तिकडे आणि हे इकडे, दोघं रडले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

महिन्याभरात ते लेकीकडे गेले. जाताना भिंग माझ्या गळ्यात अडकवलं. साहेबांचं घोडं मात्र अडलं, कारण पिवळा दिवा लागला तर निकाल द्यायला माणूस हवा, आणि आमची रीत जाणणारी बाकीची सगळी कुठे कुठे पांगलेली. मला बोलावलं. चार दिवस म्हणून आले. त्याला आता आठ महिने झाले.

बाराव्या टेबलाशी मी बसते. दिवा कधी आठवड्यातून एकदा लागतो, कधी एका दिवसात पाच वेळा लागतो, आणि का ते कॅमेरेवाल्यालाही सांगता येत नाही. दोऱ्यांची पट्टी तिथेच आहे. येणारे-जाणारे विचारतात, बाई, हे किती दिवस चालणार? मी सांगते, माहीत नाही. मग ते मला समजावून सांगतात. काकांचा दर रविवारी फोन येतो, नातवाचा दंगा मागे चालू असतो, आणि काका त्यातून ओरडून विचारतात, दिवा लागला का. सोमवारी सकाळी मी लवकर येते. सुटीच्या दिवशी काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. तोफ म्हणवणारी बाई मी, पण ह्या खोलीत बोलायचं कुणाशी?

काल कामावरून निघताना कात्री घेतली आणि माझ्या कोटाचं वरून दुसरं बटण कापलं. जुन्या दुकानात गेले. काउंटरवर आता एक नवी बाई असते, माझ्या जागी आलेली. तिने कोट हातात घेतला, धाग्याच्या टोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रांगेत माझ्यामागे चार माणसं होती. तिने आतलं स्टूल पायाने बाहेर सरकवलं.

"बसा ना," म्हणाली. "वेळ लागेल जरा."